सबनीस डॉक्टर आणि त्यांचे रबरी हात

१९८६ साल. मी चव्वेचाळीस वर्षांचा होतो. तोवर माझ्या दुकानात सायकलची ट्यूब, रिक्षाची ट्यूब, हातगाडीची ट्यूब, एकदा तर फुटबॉलसुद्धा पंक्चर काढायला आला होता. माणसाचा हात कधी आला नव्हता. तो त्या वर्षी आला.

रविवारची सकाळ. भिवंडीच्या कामतघरला माझं सायकलचं दुकान, आणि रस्त्याच्या पलीकडे चार खाटांचा दवाखाना नुकताच निघालेला. तिथले डॉक्टर रस्ता ओलांडून माझ्याकडे आले. एका हातात कोरं करकरीत घमेलं, दुसऱ्या हातात कापडी पिशवी. पिशवीतून त्यांनी पिवळट रबराचा, पाच बोटांचा हात बाहेर काढला आणि माझ्या नाकासमोर धरला.

"याला कुठं भोक आहे का, बघायचंय."

मी म्हटलं, "डॉक्टर, ह्ये सायकलचं दुकान हाय."

"म्हणूनच आलो. मी यात हवा कोंडून कानाशी धरतो, पण बारीक भोक सापडत नाही. काल तुम्ही एक ट्यूब पाण्यात बुडवून भोक काढलंत, मी खिडकीतून बघत होतो. मोहरीपेक्षा बारीक होतं."

मोहरीपेक्षा बारीक. शिकलेला माणूस असं बोलला की बरं वाटतं. मी तो हात घ्यायला पुढं झालो, तर त्यांनी पिशवी झटकन मागं ओढली.

"आधी सांगा, हात कुठं कुठं जाऊन आले?"

मी म्हटलं, "कुठं जातील? माझेच हाईत. माझ्याच संगतीनं फिरतात."

त्यावर त्यांनी मला माझ्याच दुकानात, माझ्याच गिऱ्हाइकांसमोर, कोपरापर्यंत हात धुवायला लावले. साबण त्यांचा, पाणी त्यांचं, घमेलंही त्यांचं. माझ्या घमेल्याकडं त्यांनी एकदाच पाहिलं, आणि ती नजर मी विसरलेलो नाही. त्या घमेल्यात मी वीस वर्षं पंक्चरं काढली होती. त्याला काय झालं होतं? थोडं काळं होतं, एवढंच.

हे सबनीस डॉक्टर. भिवंडी गावातल्या जुन्या घरातले, वडील कोर्टात कारकून होते. मुंबईला शिकले, तिथं नोकरी केली, आणि बायको वारल्यावर इथं कामतघरला कापडाच्या लूमवाल्यांच्या वस्तीत येऊन बसले. खाली दवाखाना, वर दोन खोल्या, तिथं एकटेच. एक मुलगी, मीनल, डोंबिवलीला दिलेली. डॉक्टर उंच, काटकुळे, आणि चालताना दोन्ही हात कोपरात मोडून छातीसमोर वर धरलेले. ऑपरेशनला जाताना डॉक्टर धुतलेले हात असे वर धरतात, ते मला पुढं कळलं. हे मात्र भाजी आणायलाही तसेच जायचे.

दरवाजा हातानं उघडायचा नाही, कोपरानं ढकलायचा. नळ कोपरानं बंद करायचा. एका साली माझ्या खारबावच्या घरी गौरी-गणपतीला आले. गर्दी, आणि त्यात हे हात वर धरून उभे. आमच्या गावच्या म्हाताऱ्यांना वाटलं कुणी महाराज आलेत आणि आशीर्वाद देतायत. एकीनं पाय धरले, तिचं बघून दुसरीनं धरले. डॉक्टर आपले मागं मागं सरकतायत आणि म्हणतायत, "अहो आजी, हात, हात कुठं जाऊन आले?" माझी बायको हिरा हसून हसून चुलीपाशी बसली. म्हणाली, "तुमच्या डॉक्टरला सांगा, म्हाताऱ्यांचे हात शेनात जाऊन आले, आनि आता मोदक वळनार हाईत." डॉक्टरांनी ते ऐकलं की नाही देव जाणे. पण मोदक त्यांनी पाच खाल्ले.

आता त्या रबरी हातांचं सांगतो. आजकाल दवाखान्यात रबरी मोजे एकदा घालतात आणि फेकून देतात. तेव्हा तसं नव्हतं. एकच जोड धुवायचा, ब्लीचिंगच्या पाण्यात भिजवायचा, वाळवायचा, आत पावडर मारायची, वाफेच्या डब्यात शिजवायचा, आणि परत घालायचा. सबनीस डॉक्टर ते जोड वरच्या गॅलरीत दोरीवर वाळत घालायचे. वारा आला की पंधरा-वीस हात रस्त्यावरच्या लोकांना या या करायचे. लूमवरून पाळी सुटलेले उत्तरेकडचे कारागीर खाली उभे राहून बघायचे. एक जण मला म्हणाला, "चाचा, ई डाक्टर साब इतने आदमी का हाथ काहे उतार लिये?" मी म्हटलं, "जिसने पैसा नहीं दिया, उसका हाथ रख लेते हैं." तो माणूस पुढं वर्षभर बोट कापलं तरी त्या दवाखान्यात गेला नाही. डॉक्टरांना हे कळलं तेव्हा ते माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. पण कारागिरांत त्यांचं नाव पडलं ते पडलंच, दस्तानेवाले डाक्टर, म्हणजे मोजेवाले.

दर रविवारी आमची बैठक ठरलेली. मी रबरी हातात हवा कोंडायचो, मनगटापाशी पिळून धरायचो, पाण्यात बुडवायचो. बुडबुडा दिसला की डॉक्टर लहान पोरासारखे वाकून बघायचे. "करंगळी. करंगळीत आहे." मग खिशातून कात्री काढायची आणि त्या हाताची पाचही बोटं कचाकच कापून टाकायची. मला ते बघवायचं नाही. चांगला माल.

मी म्हटलं, "डॉक्टर, मी ठिगळ मारून देतो. दुसऱ्या दवाखान्यांत मारतात, मना ठावं हाय."

"मारतात. म्हणूनच मी नाही मारत."

"माझं ठिगळ उघडत न्हाय. खारबावपासून कशेळीपर्यंत कुनालाही विचारा."

"विचारायची गरज नाही. तुमच्या ट्यूबला भोक राहिलं तर माणूस पायी जातो. माझ्या मोज्याला राहिलं तर माणूस वर जातो."

मी ऐकून घेणारा नाही. भोक असलेला एक मोजा मी लपवून ठेवला, बारीक घासणीनं घासला, सोल्युशन लावलं, इतकं पातळ ठिगळ बसवलं की बोटानं चाचपून लागायचं नाही. त्यात पाणी भरलं आणि दुकानाच्या खिळ्याला दिवसभर टांगून ठेवला. एक थेंब गळला नाही. संध्याकाळी डॉक्टरांना बोलावून दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, उजेडाकडं धरून बघितला, सगळ्या बाजूंनी दाबून बघितला. म्हणाले, "काथोडराव, उत्तम. असं काम मी मुंबईतही पाहिलं नाही." आणि खिशातून कात्री काढून त्याची बोटं कापली. पाणी माझ्या पायावर पडलं.

पुढचे तीन रविवार मी त्यांना दुकान बंद आहे म्हणून सांगितलं. उघड्या दुकानात बसून सांगितलं. आजही माझं म्हणणं तेच आहे, की ते ठिगळ टिकलं असतं.

त्यांची दुसरी तऱ्हा टोपणाची. सुई टोचून झाली की तिला परत टोपण घालायचं नाही, हा त्यांचा कायदा. टोपण घालायला जातात तेव्हाच सुई बोटात घुसते, असं ते म्हणायचे. त्यांच्या दवाखान्यात कुंदा नावाची सिस्टर होती. ती बिचारी सवयीनं टोपणाकडं हात न्यायची की आतून आवाज यायचा, "टोपण नको!" तो आवाज माझ्या दुकानापर्यंत यायचा. वापरलेल्या सुया टाकायला त्यांनी पत्र्याचा डबा केला होता, वर नुसती फट. एका कारागिरानं तो मशिदीच्या नाहीतर देवळाच्या वर्गणीचा समजून त्यात चार आणे टाकले, आणि चूक कळल्यावर काढायला बोट घालणार, तेवढ्यात डॉक्टरांनी अशी आरोळी ठोकली की खाटेवरचा पेशंट उठून बसला.

पण गंमत पुढं आहे. इतकी वर्षं टोपण नको टोपण नको करून त्यांचा हातच टोपण लावायचं विसरला. पेन उघडं खिशात ठेवायचे. प्रत्येक शर्टाच्या खिशाखाली निळा डाग. शाईची बाटली उघडी, तेलाची बाटली उघडी, टूथपेस्ट उघडी. मीनल डोंबिवलीहून आली की आधी घरभर फिरून झाकणं लावायची आणि म्हणायची, "बाबा, तुमच्या घरात मुंग्याच सुखी आहेत." आई असती तर असं झालं नसतं, हे ती बोलायची नाही. झाकणं मात्र जोरात लावायची.

मी एकदा विचारलं, "डॉक्टर, येवढं कशाला? बाकीचे डॉक्टर उघड्या हातानं टाके घालतात."

"माझ्याबरोबर एक जण शिकायला होता. माझ्यापेक्षा हुशार. एका पेशंटची सुई लागली, कावीळ झाली, गेला." एवढंच बोलले, आणि लगेच, "तो अंगठा बघा, बुडबुडा आला का?"

माझं आणि त्यांचं खरं भांडण झालं ते स्पोकवरून. चाक ताणताना स्पोक तुटला आणि माझ्या तळव्यात शिरला. रक्ताची धार. मी पलीकडं गेलो. डॉक्टरांनी मला बघितलं, आणि हात धुवून आधी ते रबरी मोजे चढवायला लागले.

मी उठून उभा राहिलो. "मना हात लावायला मोजे?"

"बसा, काथोडराव."

"चार वर्सं माझ्या बाकावर बसून चा पिता. मी काय रोगी हाय? का बाटाल?"

"सगळ्यांना घालतो. नगरसेवक आले तेव्हाही घातले. माझी आई असती तरी घातले असते."

"तुमच्या आईनं कान उपटला असता!"

"काथोडराव, ऐका. सकाळपासून मी किती जणांच्या रक्तात हात घातलेत, तुम्हाला काय माहीत? हे मोजे तुमच्यापासून मला नाहीत. माझ्यापासून तुम्हाला आहेत."

हे बोलणं मला पटलं. पण उठून उभा राहिल्यावर परत बसायचं म्हणजे काय? मी तसाच उभा राहिलो. टाके उभ्यानंच घालून घेतले. डॉक्टर गुडघ्यावर बसले आणि पाच टाके घातले. कुंदा सिस्टर मात्र तोंडाला पदर लावून हसत होती, ते मी बघितलं.

असं चाललं होतं. मग चौऱ्याण्णव साल आलं. तेव्हा एड्सचं नाव सगळ्यांच्या तोंडी झालं होतं. भिंतींवर पाट्या रंगवलेल्या होत्या, पण वाचून लोक शहाणे झाले नव्हते, नुसते घाबरले होते.

थंडीचे दिवस, भरदुपार. कशेळीच्या गोडाऊनवरून एका टेम्पोत दगडू नावाच्या हमालाला घेऊन आले. पत्र्याची थप्पी उतरवताना पत्रा निसटला आणि मांडी फाडून गेला. त्याच्या रक्तात तो रोग आहे हे त्याला आधी कळलेलं होतं. माणूस सरळ. जिथं नेला तिथं त्यानं स्वतःहून सांगितलं. आणि सांगितलं म्हणून दोन दवाखान्यांनी त्याला दारातून परत पाठवला. तिसऱ्या दारात सबनीस डॉक्टर हात वर धरून उभे होते.

दगडू टेम्पोतूनच म्हणाला, "साहेब, आधीच सांगतो, मला..."

"आत आल्यावर सांग. मी सगळ्यांचं रक्त सारखंच धरतो." आणि मग रस्त्यापलीकडं, "काथोडराव! बॅटरी घेऊन या, लाईट गेलीय!"

मी बॅटरी घेऊन गेलो. मला त्यांनी रबरी हात चढवायला लावले, मी रविवारी तपासलेलेच. स्वतः दोन जोड घातले, एकावर एक. मी उजेड धरला. टाक्यामागून टाका. दगडू छताकडं बघत होता, रडत नव्हता, ओरडत नव्हता. डॉक्टर काम करताना त्याच्याशी गप्पा मारत होते. गाव कुठलं, लेकरं किती, भात किती झाला. दोन ठिकाणाहून हाकललेल्या माणसाला ते काय वाटलं असेल! शेवटचा टाका राहिला होता. डॉक्टर म्हणाले, "झालंच हं, दगडू." आणि दगडूनं एकदम उठून त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि कपाळाला लावला. "देवा" म्हणाला.

त्या हातात सुई होती.

हात ओढला तशी ती डॉक्टरांच्या दुसऱ्या हाताच्या बोटात घुसली. दोन्ही मोज्यांतून. मी समोर होतो, मी बघितलं. डॉक्टरांनी हात हिसकला नाही. नुसते डोळे मिटले. दगडूचं कपाळ टेकवून झालं, मग हळूच हात सोडवून घेतला आणि म्हणाले, "पडून राहा. अजून एक टाका आहे." बोट धुवून आले, नवे मोजे घातले आणि तो टाका पुरा केला.

नंतर मोरीच्या नळाखाली ते बराच वेळ बोट धरून उभे होते. मी आणि कुंदा सिस्टर मागं. सिस्टर रडायला लागली. डॉक्टर वळले नाहीत. म्हणाले, "दगडूला हे कळता कामा नये. त्यानं माझा हात धरला, तो काही गुन्हा केला नाही. कुणालाच कळता कामा नये. काथोडराव, तुम्हीसुद्धा बोलायचं नाही."

मी म्हटलं, "माझ्या तोंडाला टोपण हाय."

दुसऱ्या दिवशी दगडूची बायको आली. दारातच उभी, आत यायला तयार नाही, हातातलं डबडं खाली ठेवून मागं सरली. डॉक्टरांनी काय केलं? दगडूच्या खाटेवर बसले, त्याच्या हातातला उष्टा चहाचा ग्लास घेतला आणि उरलेला चहा पिऊन टाकला. "बाई, एका ताटात जेवलं तरी होत नाही. शेजारी झोपलं, लेकरू मांडीवर घेतलं, काही होत नाही. बाकी काय जपायचं ते सिस्टर सांगेल. या, बसा इथं." ती आली, बसली. मी दारातून बघत होतो. ज्या माणसानं माझं घमेलं बाटलेलं धरलं, तो माणूस हमालाचा उष्टा चहा प्याला!

आणि मग सुरू झालं डॉक्टरांचं स्वतःचं. मुंबईला जाऊन रक्त तपासून आले. म्हणाले, "आत्ता काही नाही निघालं, पण आत्ताच्याला अर्थ नाही. रोग शिरला असला तरी इतक्यात दिसत नाही. तीन महिन्यांनी परत बघायचं, आणि सहा महिन्यांनी परत." तेव्हा त्यावर घ्यायला औषध म्हणून काही मिळत नव्हतं. वाट बघायची, एवढंच औषध.

कापाकापीची कामं त्यांनी दुसऱ्या डॉक्टरकडं पाठवायला सुरुवात केली. माझ्या बाकावर यायचे, पण टोकाला बसायचे. आणि चहासाठी घरून स्वतःचा कप आणायला लागले. हॉटेलवाला म्हणायचा, "क्या साब, हमारा गिलास गंदा हो गया?" डॉक्टर हसायचे. मला राग यायचा. दगडूच्या बायकोला एक सांगितलं आणि स्वतः दुसरंच करतात. पण मी बोललो नाही. टोपण आहे असं कबूल केलं होतं ना.

त्यातच मीनल बाळंत झाली. मुलगी झाली. डॉक्टरांनी माझ्या दुकानात पेढे पाठवले, कुंदा सिस्टरच्या हातून. मी म्हटलं, कधी जाणार बघायला? म्हणाले, जाईन, सवड झाली की. बारसं आलं. दवाखाना सोडून येता येत नाही, असा निरोप पाठवला. त्या दिवशी दवाखान्यात एकही पेशंट नव्हता. दिवसभर वरच्या खिडकीत बसून होते, आणि मी खाली माझ्या बाकावर. आमच्या दोघांच्या मधून लूमचा खडखडाट चाललेला. असा दिवस मी माझ्या वैऱ्यालाही देणार नाही.

उन्हाळा लागता लागता एका दुपारी मीनल स्वतःच आली. रिक्षातून उतरली, खांद्याला पिशवी, दुपट्यात गुंडाळलेलं पोर. सरळ दवाखान्याकडं गेली. दार लावलेलं, त्यावर पाटी, ऑपरेशन चालू आहे. तिनं पाटी वाचली, रस्ता ओलांडला आणि माझ्या बाकावर येऊन बसली.

"काथोडकाका, किती वेळ लागेल ऑपरेशनला?"

ऑपरेशन काय, खिडकीचा पडदा हलत होता. मी पाना पुसत बसलो.

"काका, खरं सांगा. बाबा माझ्यावर रागावलेत ना? मुलगी झाली म्हणून?"

मी पाना खाली ठेवला. इतकी वर्षं मी ह्या माणसाला ओळखतो. कारागिरांच्या बायकांना मुलगी झाली की हा माणूस पेढे मागून घ्यायचा. आणि त्याची पोटची लेक माझ्या बाकावर बसून हे विचारतेय, आणि पदरानं डोळे पुसतेय. दिलेला शब्द मोडायचा नाही, हे मला बापानं शिकवलं. पण नुसतं बसून राहायचं, हे कुणी शिकवलं नाही.

मी हात पुढं केले. "आन इकडं. बघू तरी."

माझे हात बघण्यासारखे होते. नुकतीच चेन काढून झालेली, कोपरापर्यंत ग्रीस, त्यावर सोल्युशन, त्यावर रस्त्याची धूळ. मीनलनं त्या हातांकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि काय मनात आलं तिच्या, पोर दिलं. मी बाळाला दोन्ही हातांनी उचललं आणि रस्त्याच्या मध्यापर्यंत गेलो. उजेडात नीट दिसावं म्हणून गेलो. दुसरं काही कारण कुणाला वाटत असेल तर त्याला मी नाही म्हणणार नाही.

वर खिडकी धाडकन उघडली.

"काथोडराव! हात! अहो, हात कुठं कुठं जाऊन..."

"चेनीत!" मी खालून ओरडलो. "आनि गटारात! पाना पडला होता!"

"ठेवा! ठेवा त्याला! नका, नका ठेवू! हात धुवा आधी!"

"न्हाय धुवत!"

जिन्यावर धडधड झाली, दार उघडलं, ती ऑपरेशनची पाटी खाली पडली. डॉक्टर रस्त्यात आले, एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी. एका हातगाडीवाल्यानं शिवी दिली आणि गाडी थांबवली. बाळाच्या टोपड्यावर माझी चार बोटं उमटली होती.

"द्या तिच्याकडं! मीनलकडं द्या!"

"तुमी घ्या."

तेवढं म्हटलं आणि ते थांबले. हात छातीसमोर वर आले, नेहमीसारखे, आणि तिथंच राहिले. माझ्यापासून दोन हातांवर. तोंड कसनुसं झालं.

मी हळू आवाजात म्हटलं, "दगडूच्या बायकोला सांगितलात, लेकरू मांडीवर घेतलं तरी काय होत न्हाय. ते खोटं होतं?"

"खरं आहे ते."

"मंग?"

"दुसऱ्याला सांगायला सोपं असतं, काथोडराव. मला सगळं माहीत आहे. वाचलंय, शिकलोय. आणि रात्री उठून वाटतं, नको. एवढ्याशा जिवाला नको. माझे हातच वर येत नाहीत हो."

"वरच हाईत," मी म्हटलं, आणि पोर त्यांच्या हातांवर ठेवलं.

दुसरं काय करणार? रस्त्यात टाकून कसे देतील? धरलं त्यांनी. आधी काचेचं भांडं धरावं तसं लांब धरलं. मग बाळानं आळस दिला, मूठ त्यांच्या खिशावरच्या निळ्या डागात घातली, आणि डॉक्टरांनी तिला छातीशी घेतलं. हातगाडीवाला "हटो ना साब" म्हणायला तोंड उघडत होता, मी त्याला नुसता हात दाखवला.

मीनल बाजूला येऊन उभी होती. "बाबा, कोण दगडू? काय झालंय तुम्हाला?"

त्यांनी तिला माझ्या बाकावर बसून सगळं सांगितलं. बाळ मांडीवरच होतं. मी सायकलला हवा मारत होतो, पण पंप न लावता. ऐकून झाल्यावर ती रडेल असं मला वाटलं. ती चिडली. अशी चिडली की समोरचे कारागीर लूम सोडून बाहेर आले.

"बारशाला मी दारात उभी होते, बाबा! सासूबाई विचारत होत्या, आजोबा कुठं आहेत म्हणून. मी काय सांगायचं? मला वाटलं तुम्हाला माझी मुलगी नको. एवढंसं तोंड उघडता आलं नाही तुम्हाला?"

डॉक्टर नुसते म्हणत होते, "चुकलं गं. चुकलं."

"मी आता इथंच राहणार. पुढची तपासणी होईपर्यंत. आणि रोज हिला तुम्ही घ्यायचं, कळलं? मी सांगते म्हणून घ्यायचं."

"इथं? इथं दवाखाना आहे, बाळा. हिला निजवायचं कुठं? तुझा पाळणासुद्धा नाही राहिला, कधीच देऊन टाकला."

"जमिनीवर निजेल."

"जमिनीवर? ही जमीन कुठं कुठं..." म्हणाले, आणि लेकीचं तोंड बघून बाळाचं टोपडं सारखं करायला लागले.

तीन महिन्यांचं रक्त चांगलं निघालं आणि सहा महिन्यांचंही चांगलं निघालं, हे इथंच सांगून टाकतो, उगाच कुणाच्या जिवाला घोर नको. डॉक्टर पुढंही खूप वर्षं जगले, म्हातारे झाले, लोकांचे हात धुववत राहिले, आणि त्यांच्या अंथरुणात, झोपेत गेले. पण त्या दुपारी ह्यातलं आम्हाला कुणाला ठाऊक नव्हतं. त्या दुपारी फक्त एवढं होतं की पोर त्यांच्या मांडीवर झोपलं, आणि मांडी हलायला नको म्हणून डॉक्टर दिवे लागेपर्यंत माझ्या त्या बाकावर बसून राहिले. मीही दुकान उघडं ठेवलं. गिऱ्हाईक नव्हतं.

त्या रात्री मी दुकानातच झोपलो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलंच नाही. सायकल काढली आणि खारबावला गेलो. हिरानं विचारलं, काय झालं? मी सरळ माळ्यावर चढलो, आमच्या पोरांचा सागवानी पाळणा खाली उतरवला, विहिरीवर नेऊन साबणानं घासून धुतला, साखळ्यांना तेल दिलं, उन्हात वाळवला आणि सायकलच्या कॅरियरला आडवा बांधला. मग भिवंडीची वाट धरली. पाळणा रुंद, रस्ता अरुंद, मागून येणारे टेम्पो हॉर्न मारून हैराण. वाटेत ओळखीची चार माणसं भेटली. प्रत्येकानं तोच प्रश्न विचारला, "काय काथोड, या वयात?"

मी घंटी वाजवत पुढं गेलो.